जावईबापू, नंबर वाचा

जगातल्या निम्म्या भांडणांचं मूळ चुकीच्या जागी लावलेल्या डायोडात आहे, असं मानणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. शेंद्र्याच्या कारखान्यातून रिटायर होऊन मामा घरी बसले असं लोक म्हणतात. ते बाल्कनीत बसले. समोर सोल्डरिंग गन आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांत नाना जातींचे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे तांदळाएवढे तुकडे.

डायोड ते स्थळासारखा बघतात. आधी घर कसं आहे ते, मग मुलगा. साध्या अडॅप्टरला काळा, दणकट चार हजार सात नंबरचा. "गरीब हाय, पण टिकतो." एलईडी दिव्यात मात्र वीज सेकंदाला हजारो वेळा ये-जा करते, तिथं तोच बिचारा तापून मरतो. "दार उघडाया सगळेच तयार असतात जावईबापू, लावाया कोण चपळ हाय ते बघा." सोलर कंदिलाला शॉटकी, कारण तो वाटेत वीज फार खात नाही, पण तापला की उलटीकडून गळतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची. झेनर उलटा बसवला तरच कामाचा. मामींचा भाऊ झेनर आहे, हे मामा मामींच्या देखत सांगतात. मी चार हजार सात. एका साखरपुड्यात माइक घुंइं करायला लागला, तेव्हा मामांनी भर मांडवात अ‍ॅम्प्लिफायर उघडला. नारळ हातात धरून उभ्या व्याह्यांना ते म्हणाले, "थांबा जरा, ह्यो डायोड इथं नाय चालत." व्याही थांबले.

आपण आजवर चुकीचा डायोड लावला नाही, यावर मामांचा सगळा जीव. गेली दोन वर्षं ते माझी परीक्षा घेत होते. काचेचा एखादा डायोड पुढं करायचे. "जावईबापू, नंबर वाचा." मी भिंग लावून वाचायचो आणि मनातून जाम वैतागायचो.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. ते आलं की वाजणारी घंटी मामांनीच बनवलेली. मध्यंतरी ती त्यांनी दुरुस्त करून दिली आणि पुढच्याच खेपेला वाजली नाही. पाणी येऊन गेलं, टँकर मागवावा लागला. मी चिडून घंटीचा डबा उघडला. एकेचाळीस अठ्ठेचाळीस नंबरच्या डायोडाच्या जागी झेनर बसला होता. दोन्ही काचेचे, दोन्ही नारिंगी. फरक फक्त त्या मुंगीएवढ्या नंबराचा. तेव्हा मला कळलं, की ती माझी परीक्षा कधीच नव्हती. मामांना दिसत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, त्या वैतागाचंही.

डायोड मी गुपचूप बदलला. रविवारी त्यांच्या बाल्कनीत मामांनी घंटीचं विचारलं, तर म्हणालो, "वायर सुटली होती."

"वायर व्हय? अन् आत एकेचाळीस अठ्ठेचाळीसच व्हता ना?"

"तोच होता, मामा."

मामा समोरची डबी माझ्याकडं सरकवत म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलाया जमत नाय जावईबापू. चार हजार सातच तुम्ही. वाचा नंबर."

मी मोठ्यानं वाचला. मामांनी डायोड माझ्या हातून घेतला, समोरच्या सर्किटवर बोटानं जागा चाचपली आणि बरोबर तिथंच बसवला. तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही.