तुळशीच्या हिशेबानं वाढवलेला मुळा

डिंगऱ्या हव्यात म्हणून मी मुळा लावला आणि त्याला आलेली फुलं रोज सकाळी स्वतःच्या हातानं खुडून टाकली.

डिंगऱ्या म्हणजे मुळ्याच्या शेंगा. मुळा उपटायचा नाही, वाढू द्यायचा. त्याला फुलं येतात आणि फुलांच्या शेंगा होतात. इतकं सोपं काम बिघडवायला माणूस माझ्यासारखा हुशारच लागतो.

मागच्या खेपेला सासूबाई नाशिकहून आमच्याकडे विस्कॉन्सिनला आल्या, तेव्हा आम्ही त्यांना शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात नेलं. गवार, तोंडली, सुरण, अळूची पानंसुद्धा मिळाली. "सगळं मिळतं म्हणता, आणि डिंगऱ्या नाहीत," त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या. मी गाडी चालवता चालवता बोलून गेलो, "पुढच्या वेळी याल तेव्हा घरच्या खाऊ घालतो." ही थाप त्यांनी त्याच दिवशी फोनवरून आपल्या बहिणीच्या कानावर घातली. मावशी म्हणाल्या, "बघू या." झालं, माझी अब्रू वाफ्यात पेरली गेली.

आमच्याकडे निम्मा मे सरेपर्यंत मातीत हात घालवत नाही. थंडी हटल्यावर मी गॅरेजमागं बी टाकलं. रोपं अशी तरारली, की मला स्वतःत एक कसलेला बागायतदार दिसू लागला. शेजारचे अमेरिकन आजोबा कुंपणावरून म्हणाले, मुळा जून झाला, आता उपटा. मी त्यांना उभ्या उभ्या डिंगऱ्यांवर लेक्चर दिलं.

मग तुरे आले. माझी आई तुळशीच्या मंजिऱ्या दिसल्या की खुडायची. खुडल्या की फुटवा येतो म्हणायची. मी तोच नियम मुळ्याला लावला. फुटवा जास्त, तर फांद्या जास्त, तर शेंगा जास्त. सॉफ्टवेअरवाल्याला असलं लॉजिक फार पटकन सुचतं. रोज पहिल्या मीटिंगआधी चहाचा कप घेऊन जायचो आणि तुरे खुडून यायचो. रोपांची खरोखर झुडपं झाली. मी त्यांचे फोटो नाशिकला पाठवले.

जुलैत सासूबाई आल्या. बॅगा हॉलमध्ये ठेवून तडक वाफ्यापाशी.

"झाडं छान आहेत. फुलं कुठायत?"

"खुडली. फुटवा यावा म्हणून. तुळशीचं करतात तसं."

त्यांनी मला नीट बघून घेतलं. "जावईबापू, तुळशीच्या शेंगांची भाजी खाल्लीत का कधी?"

बायको मागून म्हणाली, "आई, मला वाटलं यानं यूट्यूबवर बघितलं असेल."

सासूबाईंचं परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं होतं. "तोवर धरतील शेंगा?" मी विचारलं.

"धरतील. तुम्ही त्या पाण्याच्या नळीच्या अलीकडे यायचं नाही."

मी खिडकीतून देखरेख ठेवली. पांढरी-जांभळट फुलं आली, मधमाश्या आल्या, शेंगा लोंबू लागल्या. माझा आत्मविश्वास तसा कुठे गेलाच नव्हता. त्या निघायच्या आदल्या आठवड्यात मी नळीपलीकडून सुचवलं, "अजून जरा मोठ्या होऊ द्या की." तोवर त्यांनी अर्धी टोपली भरली होती. "मोठ्या झाल्या की दोरी चावल्यासारख्या लागतात," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मोहरी-हिंगाची फोडणी, हळद, हिरवी मिरची, वरून पेरलेलं बेसन. मुळ्याचा तो उग्र वास घरभर झाला. सासूबाईंनी दोनदा भाजी घेतली. मग ताट तसंच हातात धरून त्यांनी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, खरंच लावल्या की जावयांनी," मावशी म्हणाल्या.

मी कॉलर नीट करून कॅमेऱ्यात डोकावलो.

"लावल्या त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्यापासून वाचवल्या मी."