वरून शांत

ऑफिसात तिला सगळे कानसेन म्हणत. पाण्याखाली सोनार यंत्राचा आवाज कसा जातो, कशावर आपटून परत येतो, हे संगणकावर हुबेहूब उभं करणारं सॉफ्टवेअर तिने सहा वर्षं खपून लिहिलं होतं. बोटीवरचे ऑपरेटर त्यावरच शिकत. त्यात तिचा जीव कोळंब्यांवर. बोटाएवढी कोळंबी नांगी मिटते, लाखो मिटतात, आणि खाली तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तडतडाट चालतो. सोनारच्या पडद्यावर त्याचे नुसते ठिपकेच ठिपके.

मंगळवारी तिचा पाणबुड्या दीर बंदरात उतरला आणि तळाशी दोरखंडात अडकला. वर पडद्यासमोर नवा ऑपरेटर. ठिपक्यांच्या गर्दीत त्याला माणूस सापडेना. वीस मिनिटं! शेवटी दीर स्वतःच दोर कापून धडपडत वर आला. जीव वाचला, उजवा कान कायमचा गेला. ऑपरेटर रडकुंडीला येऊन म्हणाला, "शिकताना पडदा स्वच्छ असायचा हो."

बुधवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली ती दार न वाजवताच.

"माझ्या कोळंब्या कोणी काढल्या?"

"कोणी नाही काढल्या. पडदा घाण दिसतो अशी तक्रार आली, मी म्हटलं, शिकवताना 'शांत'चं बटण दाबा."

"अहो, शांत म्हणजे वारा नाही, लाटा नाहीत! वारा पडला की कोळंब्याच तेवढ्या ऐकू येतात. एवढी अक्कल नाही तर खुर्ची कशाला अडवलीय?"

साहेबांनी संगणक तिच्याकडे वळवला. तिने 'शांत' दाबलं. तडतडाट बंद. पडदा कोरा करकरीत.

तिने तिथेच मूळ प्रोग्राम उघडला. "शांत: सगळा आवाज शून्य. चाचणीपुरतं, नंतर काढणे." खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची. आणि आद्याक्षरं तिचीच. कोऱ्या पडद्यावर दोन दिवस काहीतरी तपासायचं होतं, तेव्हा सुचला तो शब्द टाकला होता, आणि काढायचा राहून गेला होता. तिने पडदा साहेबांकडे फिरवून त्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं.

"चालायचंच," साहेब म्हणाले. "शुक्रवारी ठरल्याप्रमाणे हे सॉफ्टवेअर अकरा बोटींना जाऊ दे. पुढच्या आवृत्तीत बघू."

"चालायचंच? खाली माणसं असतात, साहेब! एकही प्रत जाणार नाही." त्यांच्याच खुर्चीत बसून तिने ते बटण मुळासकट उपटलं. अकरा बोटींना स्वतः फोन केले, चूक माझी म्हणून सांगितलं. साहेब नोकरी घालवण्याच्या धमक्या देत राहिले.

मग ती दिराच्या खोलीवर गेली. तो खिडकीशी बसला होता. शेजारची खुर्ची ओढून, मान खाली घालून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. तो शब्द, ती तारीख, ती आद्याक्षरं. सांगताना तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

दिराने मान वळवली. "काय म्हणालात, वहिनी? त्या बाजूने नाही ऐकू येत."

ती उठली, खुर्ची उचलून त्याच्या डाव्या बाजूला ठेवली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागली.