गुरुजींनी सही केली नाही

आमचे सिद्धलिंग गुरुजी जिंतूरच्या किराणा दुकानदाराचे एकुलते एक चिरंजीव. १९३५ साली ते हैदराबादच्या कॉलेजात गेले तेव्हा मोटारीपाशी अर्धी पेठ जमली होती. लिंगायत वाण्याचं पोरगं बी.ए. होणार, याचं सगळ्यांनाच अप्रूप.

निजामाचं राज्य, त्यामुळे कॉलेजात सगळं शिक्षण उर्दूत. गुरुजींना तिचं वावडं नव्हतं. दुसऱ्या वर्षी उर्दू निबंधात ते पहिले आले. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची, शेरवानीची बटणं लावत वर्गाकडे पळायचं, संध्याकाळी हॉकी. वसतिगृहात त्यांच्या खोलीत पाथरीचा बन्सीधर राहायचा. दोघांनी मिळून एक हस्तलिखित मासिक काढलं, मराठीत. प्रत एकच, पण पोरं ती हातोहात वाचायची.

चौथ्या वर्षी, परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना, गुरुजींनी त्यात लेख लिहिला : जिंतूरच्या पोरांना चौथीनंतर आपल्या भाषेत का शिकता येत नाही? अंक फिरत फिरत वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या टेबलावर गेला. दोघांना बोलावणं आलं. समोर माफीनामे तयार होते : 'बाहेरच्या लोकांनी फूस लावल्यामुळे माझ्या हातून ही चूक झाली.'

बन्सीधरनं खाली मान घालून सही केली. गुरुजींनी कागद दोनदा वाचला.

"मला कुणी फूस लावलेली नाही," ते स्वच्छ उर्दूत म्हणाले. "लेख माझा आहे. त्यात खोटं काय आहे, ते दाखवा."

"सही कर, नाहीतर सामान बांध."

गुरुजी खोलीवर गेले आणि सामान बांधायला लागले. बन्सीधर दारात येऊन उभा राहिला. "सिद्धू, परीक्षा तेवढी होऊ दे की. मग काय लिहायचं ते लिही."

"आज खोटं लिहून दिलं, तर उद्या माझं खरं कोण वाचील?"

ते जिंतूरला पोचायच्या आधीच कॉलेजचं पत्र दुकानात पोचलं होतं. वडील गुरुसिद्धप्पा गादीवरून उठले नाहीत. "सही करून टाकायची. आपण दुकानदार माणसं. सरकारशी वाकडं घेऊन कसं चालंल?"

आई गौराबाई आतून आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं.

"लेकरानं चोरी केली का?"

"न्हाई."

"कुणाला शिवी दिली?"

"न्हाई."

"मग माफी कशाची? मला समजून सांगा. पटलं तर मीच हाताला धरून त्याला सही करायला लावते."

गुरुसिद्धप्पांनी कॉलेजचं पत्र गादीखाली सारलं आणि तागडी हातात घेतली.

गुरुजी संस्थानाबाहेर, नागपूरला गेले. वर्ष वाया गेलं, पण तिथून बी.ए. झाले. परत आले तर निजामाच्या राज्यात त्यांना नोकरी कोण देणार? त्यांनी दुकानामागच्या खोलीत मराठी वर्ग सुरू केला. आम्ही अकरा पोरं आणि सिद्धम्मा नावाची एक मुलगी. परवानगीचा अर्ज तीनदा केला, तीनदा नामंजूर झाला. मग पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, आले. शाळेला ते मदरसाच म्हणायचे.

"मदरसा बंद करा."

"मदरसा कुठाय साहेब? मी माझ्या घरात बोलतो, पोरं ऐकतात."

अमिनांनी खोलीला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पेठेतल्या मठाच्या ओवरीत बसलो.

असं पाच-सहा वर्षं चाललं. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर संस्थानात धरपकड वाढली, तेव्हा गुरुजींनाही धरून परभणीच्या तुरुंगात टाकलं. आता वर्ग मोडला, असं आम्ही समजलो. सकाळी सवयीनं ओवरीत गेलो, तर गुरुसिद्धप्पा तिथं मांडी घालून बसलेले. दुकान बंद.

"मला तुमचा इतिहास-भूगोल येत न्हाई," ते म्हणाले. "पाढे येतात. बसा."

दहाव्या दिवशी अमीन पुन्हा आले आणि पायरीवर काठी आपटली. आमचा पाढा तुटला. गुरुसिद्धप्पा जागचे उठले नाहीत.

"सतराचा पाढा चालू हाय, साहेब. तेवढा होऊ द्या. मग मला न्यायचं तर न्या."

अमीन पाढा संपेपर्यंत उभे राहिले आणि निघून गेले. का गेले, कुणास ठाऊक.

तीन महिन्यांनी गुरुजी सुटले, तेव्हा आमचे तिसापर्यंतचे पाढे पाठ होते. त्याच वर्षी, अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य गेलं. पुढं शाळेला मान्यता मिळाली, आणि पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीत सिद्धम्मा आम्हा सगळ्या पोरांच्या पुढं गेली.