मावशीचा बाण हलेना

शाळेतल्या पोरांसाठी म्हणून जे स्वस्तातले लॅपटॉप निघालेत ना, ते बनवणाऱ्याने आयुष्यात कधी शाळा पाहिलेली नसावी. बोईसरला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे हे मी हक्काने बोलते. झाकण उघडायला जावं तर बिजागरी हातात येते, बॅटरी चहा होईपर्यंत मान टाकते, आणि बटणं इतकी बारीक की पाचवीतल्या पोराचं बोटसुद्धा दोन अक्षरं एकदम दाबतं. मग कोणीतरी दयाळू माणूस त्याला वेगळा वायरलेस कीबोर्ड जोडून देतो. म्हणजे घरात एक रडकं होतं, आता दोन झाली.

असलीच एक जोडी घेऊन मावशी माझ्या दुकानात आली. मावशी म्हणजे सातपाटीची मासेवाली. वडील वीज केंद्रात नोकरीला लागले आणि आम्ही सातारा सोडून इथल्या कॉलनीत आलो, तेव्हापासून ती आमच्या दारावर येते. आमच्या आईला बोंबील आणि काडेपेटी यांतला फरक कळत नव्हता, अशा बाईला तिने पापलेटचे कल्ले बघून ताजं ओळखायला शिकवलं. दुकानात तिने प्लॅस्टिकची पिशवी सोडली आणि सुक्या जवळ्याचा असा वास सुटला की समोर बसलेलं कारखान्यातलं गिऱ्हाईक ‘बाद में आता हूँ’ म्हणून जे गेलं ते गेलंच.

गावातल्या मच्छीमार सोसायटीला बर्फाच्या आणि डिझेलच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायला एक बाई हवी होती, आणि ती कोळणींपैकीच हवी होती. मावशी लग्नाआधी दहावी झालेली. बायकांच्या वर्गाला जाऊन ती टायपिंग शिकली. वर्ग चालवणाऱ्या संस्थेने हा संच सरावाला घरी दिला, आणि सोसायटीच्या टेबलावरही तसलाच एक बसवला. आता कमिटीपुढे त्यावर नोंदी करून दाखवायच्या होत्या. जमलं तर खुर्चीवरचं काम, नाही जमलं तर तीच टोपली नि तेच जिने. तिचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. ती वर पोचायची तेव्हा तोंडातून शब्द फुटायचा नाही, नुसती बोटाने ‘थांब’ म्हणायची. बघवत नसे.

तिची तक्रार एवढीच होती की बटणं चालतात, पण बाण हलत नाही. त्या कीबोर्डला उजव्या कडेला एक गुळगुळीत चौकोन असतो, टचपॅड. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. मी फिरवलं, बाण फिरला. तरी सेल बदलले आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, घेऊन जा, झालं काम.

ती परत आली. बाण हलत नाही. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, कीबोर्डचा तो नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात खोचला. टचपॅड बंद करायचं एक बटण असतं, ते हिच्याकडून चुकून दाबलं जात असणार असं ठरवून त्याच्यावर चिकटपट्टी मारली. दुकानात बाण नुसता नाचत होता. घरी गेल्यावर पुन्हा ढिम्म. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. मावशी, तू घरी त्याला करतेस तरी काय, असं मी चारचौघांत विचारलं. ती मुळीच चिडली नाही. “बाय, तुज्या हाताला तो ऐकतो,” ती म्हणाली, “माज्या नाय ऐकत. माजंच कायतरी चुकत असंल.”

हे मला जास्त लागलं. चिडली असती तर बरं झालं असतं. कमिटीपुढची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मी दुकानाचं शटर ओढलं, तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि सातपाटी गाठली. वाटेत माझं डोकं चालूच. घरात लोखंडी कपाट आडवं येत असेल, नाहीतर शेजारच्याचा वायफाय नडत असेल, कशाकशाला दोष द्यायचा ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

तिने लॅपटॉप देव्हाऱ्याखाली ठेवला. नमस्कार केला. मग मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पंच्याने एकेक बोट पुसलं, बोटांमधली बेचकीही सोडली नाहीत, आणि वरून पुन्हा पदराला हात खसाखसा घासले. माशाच्या हाताने विद्येला शिवायचं नाही, असं तिच्या आईने पाटी-पुस्तकाच्या वेळी सांगितलेलं, आणि ते ती अजून पाळत होती. एवढं झाल्यावर तिने चौकोनावर बोट ठेवलं. बाण जागचा हलला नाही. मी ठेवलं, पळाला. पुन्हा तिने ठेवलं, मेला. दुकानात मी तिला कधी हात लावूच दिला नव्हता, सगळा दिमाख माझाच.

मी तिचा हात हातात घेतला. बर्फ, मीठ, खवले, काटे, सगळ्यांनी मिळून त्या बोटांची टोकं चपलेच्या तळासारखी करून टाकली होती. त्यात एवढं घासूनपुसून खडखडीत वाळवलेली. टचपॅडला माणसाचं बोट कळतं ते कातडीमुळे आणि तिच्यातल्या ओलीमुळे. असल्या जाड, कोरड्या बोटाची त्याला खबरच लागत नव्हती. सगळा बिघाड त्या भक्तिभावात होता, आणि मी आठवडाभर सेल बदलत बसले होते. कपाळ माझं!

मी म्हटलं, मावशी, बोटाला थुंकी लाव. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देव्हाऱ्यातल्या गणपतीवर थुंकायला सांगितलं होतं. शेवटी तडजोड झाली. टोपलीतल्या मासळीवर टाकतात तसलं एक फडकं, पण कोरं, तिने भिजवून पिळून कीबोर्डशेजारी ठेवलं. बोट त्याला टेकवलं, मग चौकोनाला. बाण सुटला. तिने तो पडद्याच्या चारी कोपऱ्यांत फिरवून आणला आणि पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाली, च्या ठेवते.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. मशीनची जबाबदारी माझी, असं सांगून कमिटीच्या खोलीत घुसले. सगळे बाप्ये, समोर चहा नि खारी. मावशीने नमस्कार केला, खुर्चीत टेकली आणि पिशवीतून ओलं फडकं काढून टेबलावर ठेवलं. एका म्हाताऱ्या सभासदाने लगेच स्वतःचा रुमाल पुढे केला.

“वयनी, हात पुसा आधी. मशीन खराब व्हईल.”

मी तोंड उघडलं होतं. जन्मभर हात पुसत आलेली बाई, आता रुमाल घेणार आणि सगळ्यावर पाणी पडणार, याची मला खात्रीच होती. ती रुमालाकडे बघत राहिली.

“पुसला तर ते मला वळखत नाय,” ती म्हणाली.

रुमाल म्हाताऱ्याच्या हातात तसाच राहिला. मावशीने बोट फडक्याला टेकवलं, बाण नोंदीच्या चौकटीत नेला आणि बर्फ लिहिला, डिझेल लिहिलं, बोटीचा नंबर लिहिला. एक आकडा चुकला तो खोडून नीट केला. दुसऱ्या बोटीची नोंद अर्ध्यावर असतानाच त्यांनी आपसात माना हलवल्या आणि अध्यक्षांनी सांगून टाकलं की सोमवारपासून या.

मावशी त्यांच्या पाया पडायला उठायला गेली. गुडघ्यांनी दगा दिला. टेबल धरून अर्धी उठलेली, तशीच अडकली.

“बसा, वयनी,” तो रुमालवाला म्हातारा म्हणाला. “आता बसायचंच काम हाय तुमचं.”

मावशी बसली. मी मात्र उठून बाहेर गेले, कारण त्या सगळ्या बाप्यांसमोर रडायची माझी अजिबात तयारी नव्हती.