एकटीच्या मापाची स्लीपिंग बॅग

माझी नणंद दीपाली सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापर्यंत तिला स्वतःचं असं अंथरूण नव्हतं. घरात गाद्या नव्हत्या असं नाही. देवरुखच्या आत, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या माझ्या सासरच्या घरात माळ्यावर गाद्यांची चांगली चळत आहे. पण त्या सगळ्या मुंबईकरांच्या. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की गाद्या खाली येतात. ते गेले की उन्हात तापवून, जुन्या चादरीत बांधून पुन्हा वर जातात. तापवायचं, झटकायचं, बांधायचं काम दीपालीचं. ती स्वतः चटईवर वाकळ टाकून जिथे जागा उरेल तिथे झोपायची. पाहुणे जास्त झाले की तिची वाकळही जायची.

गाद्या वर्षभर पडून असतात तर दीपाली एखादी का घेत नाही, असं मी लग्नानंतर भाबडेपणाने विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "रोजच्या वापराने चपटी झाली की संदेशच्या पाठीला टोचते."

संदेश म्हणजे माझे मोठे दीर. ते मुंबईत. माझा नवरा सागर नोकरीमुळे रत्नागिरीत. दोघे भाऊ बाहेर पडले म्हटल्यावर घरी कोणीतरी राहायला हवं होतं आणि ते कोण, हे कधी कोणी ठरवलंच नाही. दीपालीला एक स्थळ खेडचं आलं होतं. त्याच सुमारास सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. जरा थांबू या म्हणून सांगितलं गेलं. मग सासूबाई गेल्या, माझे सासरे आप्पा थकले आणि थांबलेलं तसंच राहिलं. ती देवरुखच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. सकाळी आप्पांची अंघोळ, नाश्ता, दुपारचं झाकून ठेवायचं, एसटी पकडायची. संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. आप्पा दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू देत नाहीत. हे घरात कौतुकाने सांगितलं जायचं.

चालण्याचं वेड तिला शाळेमुळे लागलं. मुलांना गडावर न्यायचं होतं, बरोबर बाईमाणूस हवं होतं, कोणी तयार होईना, म्हणून ती गेली. आली ती वेगळीच. त्यानंतर सुट्टीचा एखादा दिवस मिळाला की देवरुखातल्या बायकांच्या एका गटाबरोबर जायला लागली. गेल्या वर्षी त्या गटाने मे महिन्यात हिमाचलात जायचं ठरवलं. सामान ज्याचं त्याने पाठीवर वाहायचं. तंबू गटाचा, स्लीपिंग बॅग आपली आपण आणायची. दीपालीने नाव दिलं. ते ऐकून माझ्या मुलीनेही, राहीनेही दिलं. राही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आत्या जाणार असेल तरच तू जायचं, अशी माझी अट होती. दरी, नदी, अनोळखी माणसं, फोनला रेंज नाही, एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढे एकदम उभं राहिलं होतं.

बॅग निवडायला त्या दोघींनी दोन महिने घेतले. राही फोनवर बघायची आणि दीपाली आमच्याकडे आली की तिला शांतपणे एकेक विचारायची. पिसांची बॅग हलकी, मुठीएवढी होते, राहीला तीच आवडली होती.

"आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं," दीपाली म्हणाली. "हिमाचलात वापरायची चार दिवस, आणि पावसाळा काढायचा इथे. पिसांचे गोळे होतील. साध्या धाग्याची बघ. थोडी जड चालेल, पण एक किलोच्या आतली. माझा गुडघा दुखरा आहे."

बॅगेवर थंडीचे आकडे दोन लिहिलेले असतात, हेही तिनेच मला सांगितलं. "मोठ्या अक्षरातला असतो तो माणूस कसाबसा रात्र काढतो त्याचा. बारीक अक्षरातला, नीट झोप लागते त्याचा. आपण बारीक वाचायचं."

"आत्या, तू आयुष्यभर मोठ्या अक्षरावरच काढलंस," राही म्हणाली.

"म्हणून तर आता बारीक वाचतेय."

शेवटी प्रवासी बॅगा आणि रेनकोट विकणाऱ्या रत्नागिरीतल्या एका दुकानात आम्ही तिघी गेलो. दुकानदाराने चांगली ऐसपैस, चौकोनी बॅग काढली.

"ही घ्या ताई. यात मिस्टर पण मावतील."

"मिस्टर नाहीत."

"म्हणजे पुढेमागे कोणाला द्यायची झाली तर, घरात..."

"कोणाला द्यायची नाही. अरुंद दाखवा. मोठ्या बॅगेत रिकामी जागा राहते, ती आपल्याच अंगाने तापवत बसावी लागते."

त्याने बायकांच्या मापाची, पायाकडे निमुळती होत गेलेली काढली. चेन एका बाजूने पायापर्यंत उघडणारी, उकाडा झाला तर पांघरुणासारखी पसरता येणारी. दीपालीने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि गिऱ्हाइकांदेखत दुकानाच्या फरशीवर आडवी झाली. चेन गळ्यापर्यंत ओढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राही हसत होती. दीपाली मात्र छताकडे बघत तशीच पडून राहिली.

"ताई, बरं वाटतंय ना?" दुकानदाराने घाबरून विचारलं.

"जरा थांबा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हीच द्या."

मे महिन्यात नेहमीप्रमाणे संदेशभाऊजी, जाऊबाई आणि त्यांचे पाहुणे आले. आम्हीही गेलो होतो. त्या दोघींचं निघणं पाचसहा दिवसांवर आलं होतं. दीपालीची पाठपिशवी भरून माजघराच्या कोपऱ्यात होती. दुपारी आम्ही बायका मागच्या दारी आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होतो. पडवीतून जाऊबाईंच्या हसण्याचा आवाज आला म्हणून राही बघायला गेली आणि तशीच उभी राहिली.

भाऊजी पाठपिशवीतून दीपालीची स्लीपिंग बॅग काढून तिच्यात शिरले होते. जेवण अंगावर आलं होतं, वामकुक्षी करायची होती, गंमत म्हणून. पोट आत ओढून चेन वर घेतली, मग कुशीवर वळले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत चेनचे दात निघून आले होते.

दीपाली हात पुसत आली.

"असला कसला माल आणलास गो?" भाऊजी आतूनच म्हणाले. "मुंबईत मला सांगायचंस. ही डोंगरात नेली असतीस तर फजिती झाली असती. बरं झालं इथेच कळलं."

"बाहेर या, दादा."

"येतो गं. हात दे जरा."

तिने हात दिला. ते उठले आणि चहाची चौकशी करत आत गेले.

रात्रीच्या जेवणाला विषय निघालाच. भाऊजी म्हणाले, "आता काय जाऊ नकोस. आप्पांना कोण बघणार?"

"तुम्ही आहात ना सगळे."

"आम्ही सुट्टीवर आलोय, दीपा."

ते खरंच त्यांना उत्तर वाटत होतं. सागर ताटात बघत होता. मी म्हणाले, "मी थांबते आप्पांजवळ. राहीबरोबर हिने जायलाच हवं."

दीपालीने भात वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, राही जाणार नसती तर थांबली असतीस?"

"तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं," मी म्हणाले. ती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

मग आप्पा बोलले. त्यांना ऐकू कमी येतं, पण हवं ते येतं. "घरात निजायला जागा नाय काय तुला, ती डोंगरात चाललीस?"

"नाय, आप्पा," ती म्हणाली.

भाऊजींनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिने पोती शिवायचा दाभण काढला आणि जाड दोऱ्याने ती बाजू वरपासून खालपर्यंत शिवून टाकली. आता बॅगेत वरूनच शिरावं लागणार होतं.

"आत्या, रात्री उठायचं झालं तर?" राहीने विचारलं.

"सरपटत येईन."

त्या गेल्या. स्टेशनवर मीच सोडायला गेले. नंतरचे दिवस मी फोन हातात धरून काढले. इकडे घरात तीन वेळा चहा, मासे, सोलकढी सगळं माझ्यावर आलं आणि मला दीपालीसारखं जमेना, तेव्हा भाऊजी सुट्टी अर्धी टाकून निघाले. निघताना वाडीत घरोघर सांगत गेले, बहीण म्हाताऱ्या बापाला टाकून हिंडायला गेली. आप्पांनी मला अंघोळ घालू दिली नाही. नंतर दिली, पण डोळे घट्ट मिटून, कोणी मारणार आहे अशा थाटात.

आणि फोनवर दोघा भावांनी ठरवून टाकलं. आप्पांना रत्नागिरीला न्यायचं, घराला कुलूप लावायचं. एकटी बाई एवढ्या मोठ्या घरात काय करणार, हे कारण. सगळा जन्म ती त्याच घरात राहिली आहे आणि निम्मा एकटीनेच ते घर चालवलं आहे, हे मी सागरला म्हटलं. तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." आप्पांना आमच्याकडे आणलं आणि घराची किल्ली भाऊजींकडे मुंबईला गेली.

दीपाली आणि राही परतल्या त्या आधी आमच्याकडेच आल्या. दोघी काळ्या पडल्या होत्या. राहीला काय सांगू आणि काय नको झालं होतं. सागरने दीपालीला चहा पिऊ दिला आणि मग सांगितलं.

"तू आता इथेच राहा. आप्पांनाही बरं."

"म्हणजे आप्पांची अंघोळ."

"तसं नाही गं."

"माझी शाळा देवरुखला आहे, भाऊ."

"एसटी आहे की."

मला वाटलं, आता तरी ती ओरडेल. तिने आपली कपबशी विसळली, आप्पांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मग तिने पाठपिशवी उचलली. देवरुखात बाजाराच्या मागे तिने एक खोली भाड्याने घेतली. कुलूप लावलेल्या घरातले तिचे कपडे मिळायला तिला गणपतीपर्यंत थांबावं लागलं, कारण किल्ली घेऊन यायला भाऊजींना त्याआधी सवड नव्हती.

आता सगळे नातेवाईक मला भेटले की म्हणतात, तू आहेस म्हणून म्हाताऱ्याचं निभतंय. मला ते ऐकवत नाही, कारण असंच तिलाही म्हणायचे. हे लिहिते आहे तेव्हाही आप्पांच्या खोलीतला दिवा चालू आहे. अंधारात त्यांना भीती वाटते आणि हाक मारताना माझ्याऐवजी तिचं नाव येतं. ती समोर आली की मात्र बोलत नाहीत.

ती दर रविवारी येते. आप्पांची नखं कापते. ते हात पुढे करतात, तोंड फिरवून. मी तिला जेवायला थांब म्हणते, ती थांबत नाही. सागर ती यायच्या वेळी बाजारात जातो.

गेल्या रविवारी राहीने सांगितलं, पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा जाणार आहे. या वेळी आत्याबरोबरच असं नाही, जमलं तर एकटीही. "मुलीला जरा धाकात ठेव," सागर मला म्हणाला. राही आत्याच्या वाटेने जाईल असं त्याला वाटतं, ते मला कळतं. मला दऱ्यांची भीती वाटते तशी आता सागरचीही वाटते, कारण राहीची बाजू घ्यायची वेळ आली तर मी कितपत टिकेन, हे मला सांगता येत नाही.

नखं कापून झाली की दीपाली निघते. राही तिला एसटी स्टँडवर सोडायला जाते. दहा मिनिटांचा रस्ता आहे, पण दोघी बोलत राहतात, एक गाडी सोडून दुसरीची वाट बघतात. राही परत येईपर्यंत मी दारात उभी असते.