गुलाबशेठचं नाव

खाकी उतरवून बरीच वर्षं झाली. चोऱ्यामाऱ्या बहुतेक विसरलो, पण एका बाईनं न उच्चारलेला शब्द अजून आठवतो.

महायुद्धाचा काळ होता. मी साताऱ्याला फौजदार होतो. एका पेन्शनर हवालदारानं ठाण्यात येऊन खबर दिली, "सायेब, सांगलीत क्लब चालवतो त्यो गुलाबशेठ आमच्या पलटणीतनं पळालेला गडी हाय. मेढ्याकडचा."

पळालेला गडी आधी तमाशात सोंगाड्या, मग पलटणीच्या मेसमध्ये वाढपी होता. तिथं साहेबलोकांचे नाच पाहिले आणि रजेवर आला तो परत गेलाच नाही. इकडे गुलाबशेठ एक ग्रामोफोन घेऊन सांगलीत उतरला होता. दोन वर्षांत त्याच्या क्लबात गालिचे आले, नाचगाणी सुरू झाली. कोटाला रोज ताजा गुलाब.

सांगली संस्थानात आमचं वॉरंट चालत नसे. बरेच कागद फिरले, तेव्हा कुठं शेठ साताऱ्याच्या ठाण्यात आला. "मी मुंबईचा," एवढंच म्हणे. शपथेवर सांगायची वेळ येताच हवालदारही कचरला. "तवा मिशा न्हवत्या, सायेब." राहिली फरारी गड्याची बायको. तिनं ओळखलं तर लष्करी तुरुंग, नाहीतर मला शेठला सोडावं लागणार होतं.

मेढ्याहून बाई आली. कपाळाला ठसठशीत कुंकू. शेठकडे पाहून सरळ म्हणाली, "न्हाई जी. ह्यास्नी मी कवा बघितलं न्हाई."

कारकुनानं लिहून घेतलं. मी सहज विचारलं, "कोटाला काय लावलंय यांनी?"

"फूल."

"कसलं?"

"लाल."

मी चमकलो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण तिच्या नवऱ्याचं गावातलं नाव वेगळंच होतं. मग 'गुलाब' हा शब्द ती का टाळते? नवऱ्यानं घेतलेल्या नव्या नावालाही तिनं तीच रीत पाळली होती.

"जबाब पुरा करायचाय. म्हण, गुलाबशेठला मी ओळखत नाही."

"ह्या शेठला मी..."

"नाव घेऊन."

ओठ हलले, डोळे भरले. खोटं बोलताना न अडखळलेली बाई त्या एका शब्दाशी अडली.

शेठ उठला. "आवं सायेब, नका तिला छळू. मीच हाय त्यो. लिवा."

बाईचा खोटा जबाब मी फाडून टाकला. वरून शाबासकी आली, पण मला स्वतःची लाज वाटली. माणूस काय बोलतो यापेक्षा कुठं अडतो ते पाहावं, हे त्या दिवशी शिकलो. अडलेल्या माणसाला किती रेटावं, हे शिकायला मात्र पुढची सगळी नोकरी लागली.

शिक्षा भोगून तो परतला. क्लब केव्हाच मोडला होता. दोघांनी साताऱ्यात चहाचं हॉटेल काढलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईच पुढे आली. मी मुद्दाम विचारलं, "हॉटेलाचं नाव काय ठेवलंत?"

तिनं पदर सावरला, हसली आणि वर बोट दाखवलं.

"पाटीवर लिवलंय की, सायेब. तुमास्नी वाचता येतंय न्हवं?"