चीफने घर का विकलं

चीफबद्दल काही लिहा, असं मला आजवर अनेकांनी सुचवलं आणि मी दर वेळी काहीतरी सबब सांगून टाळलं. कधी डोळ्यांचं ऑपरेशन, कधी हिची तब्येत, कधी नुसतंच ‘बघू’. खरं कारण निराळं होतं. चीफबद्दल लिहायचं तर त्याने घर का विकलं ते लिहावं लागणार, आणि ते लिहिलं की मी काय केलं तेही लिहावं लागणार. आता वय असं झालंय की आणखी टाळलं तर कायमचंच टळेल. तेव्हा आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. सिंगापुरातल्या तमाम मराठी माणसांत घरात राहायला सर्वांत नालायक माणूस म्हणजे चीफ, आणि त्याला घराबाहेर कोणीही काढलेलं नव्हतं.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढून तो निवृत्त झाला आणि यिशुनला आमच्याच मजल्यावर राहायला आला. फ्लॅट बायकोने हौसेने पसंत केला होता. तिला त्यात फार दिवस राहायला मिळालं नाही. मुलगा आणि सून मरीन परेडला कॉन्डोत राहायची, दोघंही आयटीत. म्हणजे तीन खोल्यांत चीफ एकटा. वयाने आम्ही बरोबरीचे. आंग मो किओच्या कारखान्यातली माझी नोकरी संपली त्याच सुमारास आमची ओळख झाली आणि सकाळच्या फेरफटक्यात महिन्याभरात अरे-तुरेवर आली. तसा तो सगळ्यांनाच अरे-तुरे करायचा. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही त्याला अपवाद नव्हते.

कुठल्याही वस्तूची ओळख तो तळहाताने करून घ्यायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्याने आमच्या फ्रिजच्या कुशीला हात लावला, डोळे मिटले, आणि वैद्याने नाडी सोडावी तसा हात काढून घेत हिला म्हणाला, “वहिनी, कॉम्प्रेसर दिवाळी बघत नाही.” कॉम्प्रेसरने खरोखरच दिवाळी बघितली नाही. हिचं मात्र आजतागायत ठाम मत आहे की चीफने हात लावला म्हणूनच तो गेला. लिफ्टमध्ये शिरला की भिंतीला हात. कधी कधी दार बंद व्हायच्या आत शांतपणे बाहेर पडून जिन्याने चालू लागायचा. खालच्या मजल्यावरचे एक चिनी अंकल रोज त्याच्यावर नजर ठेवून असत. चीफ लिफ्टमध्ये गेला तर ते जात, चीफ जिन्याकडे वळला की तेही निमूटपणे मागोमाग.

पण खरी गंमत त्याच्या झोपेची. सिंगापूरच्या नव्या फ्लॅटांत बॉम्ब शेल्टर नावाची एक कोठी असते. जाड काँक्रीटच्या भिंती, तिजोरीसारखं लोखंडी दार. बॉम्ब काही अजून पडलेले नाहीत, त्यामुळे आपली माणसं तिथे तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचं मखर ठेवतात. चीफ तिथे झोपायचा. प्रशस्त बेडरूम सोडून, त्या कोठीत एक अरुंद फळी ठोकून, दार किलकिलं ठेवून. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “त्या मोठ्या खोलीत जाग आली की आपण कुठे आहोत तेच कळत नाही रे. इथे हात लांब केला की भिंत लागते.” मी हसलो. बायको गेल्यावर मोठ्या पलंगावर हात लांब केला की काय लागत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग एका सुट्टीत मुलगा-सून त्याला ऑस्ट्रेलियाला फिरायला घेऊन गेली. पर्थच्या बाजूला कुठेतरी त्यांनी कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली होती. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर: एक बिछाना, एक शेगडी, एक मोरी आणि खिडक्या. पुढचं मला सूनबाईने सांगितलं. पहिल्या रात्री चीफ त्यात आडवा झाला, पाय ताणले तर तळवे एका भिंतीला टेकले, डोकं दुसरीला. सकाळी ऊन वर आलं तरी हा उठेना. पहाटे चारला उठून बसणारा माणूस, त्यामुळे पोरं घाबरली. दार वाजवलं तर आतून आवाज आला, “झोपू द्या. वॉच माझी नाहीये.” वॉच म्हणजे जहाजावरची पाळी. सासूबाई गेल्यापासून बाबा असे पहिल्यांदाच झोपले, असं सूनबाई म्हणाली.

परत आल्यावर महिन्याभरात त्याने फ्लॅट विकायला काढला. मुलगा हादरला. म्हणाला, फिरा हवं तेवढं, पण घर कशाला विकता? चीफचं म्हणणं साधं होतं: मागे घर असलं की माणूस परत यायची तारीख ठरवतो. मुलगा ऐकेना. त्याला पटवलं ते सूनबाईने. “त्यांना हवंय ना, मग आपण कशाला अडवायचं? यायचं झालं तर आपली खोली आहेच,” एवढंच ती म्हणाली, आणि वाद संपला. त्या दिवसापासून चीफ तिला ‘सेकंड’ म्हणू लागला. जहाजावर इंजिन रूम खरी चालवतो तो सेकंड इंजिनिअर. मुलाला त्याने कॅडेटच्या जागेवर ठेवलं. व्हिसाचे नियम सूनबाईने शोधून काढले, पर्थला जुनी कॅरॅव्हॅन बघायला ती त्याच्याबरोबर गेली, आणि खिडक्यांची मापं आणून पडदेही तिनेच शिवले. आमच्या हिची शिलाई मशीन ती घेऊन गेली होती, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. हे मी मुद्दाम लिहितोय.

ती तयारी काय वर्णावी. कॅरॅव्हॅनमध्ये वजन मोजूनमापून भरावं लागतं, म्हणून चीफ खिशात ताणकाटा घेऊन फिरायला लागला. हिने प्रवासाला म्हणून चिवडा दिला, तर त्याने डबा काट्याला अडकवून बघितला, चिवडा पिशवीत ओतून घेतला आणि डबा परत केला. सूनबाईला एकदा विचारत होता, पूजेतल्या बाळकृष्णाऐवजी त्याचा फोटो चालेल का. ती म्हणाली, “बाबा, देव राहू देत, तुमचे पाने कमी करा.” मागे जोडलेली गाडी उलटी घ्यायची तर स्टिअरिंग विरुद्ध बाजूला फिरवावं लागतं, म्हणे. तो सराव करायला त्याने आपल्या सायकलच्या मागे सुपरमार्केटची एक ट्रॉली बांधली आणि ब्लॉकच्या पार्किंगमध्ये सायकल पायाने मागे ढकलत बसायचा. ट्रॉली भलतीकडेच जायची. ते चिनी अंकल बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “Uncle, forward also can what.” म्हणजे, पुढेही नेता येते की. चीफने त्यांनाच ट्रॉलीच्या मागे उभं करून हातवारे करायला लावले. ट्रॉली मात्र त्याने नंतर दुकानात नेऊन दिली, तेलपाणी करून.

फ्लॅट एका तरुण चिनी जोडप्याने घेतला. चाव्या द्यायच्या दिवशी चीफने त्यांना घराचा चार्ज दिला. इंजिन रूममध्ये वॉच बदलताना नवा माणूस सगळं हाताने तपासतो, ‘घेतली’ म्हणतो, आणि मगच जुना माणूस जागा सोडतो. तसं त्या बिचाऱ्यांना नळ, पंखे, खिडक्या, सगळ्याला हात लावायला लावलं. दोघं हसत होती, पण शेवटी गंभीर झाली. मुलगी म्हणाली, “Okay Uncle, we take over already.” चीफने दाराला एकदा हात लावला आणि मागे वळून न बघता माझ्याकडे जेवायला आला.

त्या जेवणावर त्याने मला विचारलं. “चल माझ्याबरोबर. थर्ड इंजिनिअर म्हणून घेतो. तीनएक महिने तरी. वहिनींनापण आण, दुसरा बिछाना होतो.” ही चक्क तयार होती. मी म्हणालो, माझं ब्लडप्रेशर, डॉक्टरची तारीख, आणि असल्या वयात हे काय खूळ. त्याने आमटी वाढून घेतली. तो गेला. मी रोज सकाळी एकटा फिरायला लागलो. त्याचे फोटो यायचे: लाल माती, समुद्र, कॅरॅव्हॅनच्या दारात पाय सोडून बसलेला चीफ, मागे वाऱ्याने फुगलेले निळे पडदे. मी फोटो बघून फोन उलटा ठेवायचो. मला वाटायचं, हा मला सोडून गेला. त्याने मला बोलावलं होतं हे मी सोयीने विसरलो होतो.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळात प्रसादाची पानं वाढणं चाललं होतं. आमच्यातल्या एक काकू माझ्या पानात मोदक ठेवत म्हणाल्या, “चीफनी घर विकलं म्हणे? मग राहतात कुठे?”

“कॅरॅव्हॅनमध्ये. म्हणजे गाडीतच.”

“गाडीत? या वयात? आणि मुलगा-सून?”

“ती आहेत की मरीन परेडला. मोठा कॉन्डो आहे.”

काकूंचा हात मोदकाच्या ताटावर थांबला. “सून काही बोलली असेल का हो?”

मी उसासा टाकला. आणि म्हणालो, “आपण काय बोलणार, काकू.”

झालं एवढंच. यातलं एक वाक्यसुद्धा खोटं नाही, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण आम्ही मंडळी कशी आहोत हे मला ठाऊक होतं. आम्ही परदेशात पाऊल ठेवल्यापासून घर घेण्यासाठी जगलेली माणसं. घर घेतलं की आईला फोन, घर मोठं केलं की पेढे. अंगावरचं घर कोणी राजीखुशीने उतरवून ठेवतो हे आमच्या डोक्यात शिरतच नाही. म्हातारा माणूस घराबाहेर आहे, म्हणजे त्याला कोणीतरी काढलंय. आणि काढणारी अर्थातच सून. मी फक्त जागा रिकामी ठेवली. ती कोण भरणार आणि कशाने, हे मला पक्कं माहीत होतं.

सूनबाई रविवारी मंडळात मुलांना मराठी शिकवायची. दिवाळीपर्यंत वर्गातली मुलं गळाली. कोणाचं पोहणं, कोणाचं ट्यूशन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी तिच्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणालं, “सासऱ्यांनाही पाठव हो थोडा, गाडीत मिळत नसेल.” ही तिथे होती. घरी येऊन मला म्हणाली, “तुम्हाला सगळं ठाऊक आहे. अध्यक्षांना जाऊन सांगा ना एकदा.” मी म्हणालो, बायकांच्या बोलण्यात मी पडत नाही. ही त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही; पण सुरुवात कुणापासून झाली हे तिलाही माहीत नव्हतं. सूनबाईने मंडळात येणं सोडलं. कोणाला उत्तर द्यायला गेली नाही. मुलगा चिडून वडलांना कळवायला निघाला तेव्हा तिने त्याला अडवलं. बाबांच्या कानावर गेलं तर ते सगळं विकून उद्या परत येतील आणि दोन ब्लॉक पलीकडे घर घेऊन बसतील, असं तिचं म्हणणं. हे तिने हिला सांगितलं, हिने मला.

व्हिसा संपत आला की चीफ सिंगापूरला यायचा, मुलाकडे राहायचा आणि एक सकाळ माझ्यासाठी ठेवायचा. रंग रापलेला, पोट गेलेलं, पहाटे चारचं उठणंही गेलेलं. अशाच एका सकाळी हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिताना त्याने टेबलावर हात पालथा ठेवला आणि म्हणाला, “सेकंड हल्ली कुठे जात नाही. हसते, पण आवाज बदललाय. तुला काही ठाऊक आहे का रे?”

मी म्हणालो, “ऑफिसची कामं वाढली असतील.”

तो माझ्याकडे बघत राहिला. फ्रिजला लावायचा तसा हात त्याने माझ्या मनगटावर ठेवला असता, तर मी सगळं बोललो असतो. त्याने कॉफी संपवली आणि टोस्ट किती महाग झालाय यावर बोलू लागला.

दोनेक फेऱ्यांनंतर तो तिकडेच गेला. दुपारी जेवून कॅरॅव्हॅनमध्ये आडवा झाला तो उठला नाही. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या म्हाताऱ्या जोडप्याने फोन केला. मुलगा-सून लगेच गेली, सगळं तिथेच उरकून आली. मंडळात हळहळले सगळे. “शेवटी बिचारा रस्त्यावरच गेला,” असं एकजण माझ्यासमोर म्हणाला. चीफ आयुष्यात कधी नव्हता इतका सुखात गेला, हे मला ठाऊक होतं. मी मान हलवली.

तेरावं झाल्यावर एक दिवस मी एकटाच मरीन परेडला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. हिला बरोबर घेतलं नव्हतं, कारण बोलणं तिच्यासमोर झालं नसतं. सूनबाईने दार उघडलं, वाकून नमस्कार केला. वाळली होती. मुलगा ऑफिसात होता. चहा पिता पिता तिने बाबांच्या गोष्टी सांगितल्या, शेजारच्या बाईला त्यांनी पोहे करायला कसे शिकवले ते सांगितलं, मध्येच हसली. मी कप ठेवला, घसा साफ केला. तेवढ्यात तीच म्हणाली,

“काका, लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. आधी खूप लागायचं. पण मी मनाशी म्हणायचे, निदान एका माणसाला तरी खरं काय ते ठाऊक आहे. तुम्ही आहात. तेवढ्यावर काढले हे दिवस.”

मला एवढंच म्हणायचं होतं: ‘पोरी, ते माझ्यापासून सुरू झालं. मला क्षमा कर.’ बसमध्ये ते मी मनात म्हणून पाहिलं होतं. तिने किटली उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

मी कप पुढे केला आणि म्हणालो, “अर्धाच दे.”